बीबीए एलएलबी की बी.कॉम. करून लॉ? इचलकरंजीच्या एका आईला उत्तर

इचलकरंजीहून एका ताईंनी विचारलंय. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, लॉ करायचंच म्हणते. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं पाच वर्षांचं बीबीए एलएलबी तिच्या मनात भरलंय. फी आणि होस्टेल धरून खर्च वीस-बावीस लाखांच्या घरात जातो, म्हणजे कर्ज काढावं लागणार. घरचा सुताचा व्यापार आहे. वडिलांचं म्हणणं, इथेच बी.कॉम. कर, मग तीन वर्षांचं लॉ आणि जोडीला सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरीचा कोर्स. ताईंचा प्रश्न असा, की एका दमात दोन डिग्र्या मिळत असतील तर त्यात वाईट काय?

वाईट काही नाही. पण 'दोन डिग्र्या' हा शब्द आधी नीट तपासून घेऊ. मी या धंद्यात 24 वर्षं आहे. त्यातली पहिली सहा एका कंपनीच्या लीगल खात्यात गेली, नंतर पुण्यात स्वतःची वकिली. मी बी.कॉम. करून लॉ केलं, सीएसची एक पायरी चढलो आणि पुढच्या ग्रुपला दोनदा आपटून नाद सोडला. तेव्हा माझं माप कुठे झुकतं ते तुम्हीच ओळखा आणि तेवढं वजा करून पुढचं वाचा.

वकील आणि लॉच्या शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचे 2008 चे विधी शिक्षण नियम आहेत. त्यात या पाच वर्षांच्या कोर्सला दुहेरी पदवीच म्हटलंय, त्यामुळे जाहिरातवाले खोटं बोलत नाहीत. पण त्याच नियमांतला 13 वा नियम प्रवेशाच्या दिवशी कुणी वाचून दाखवत नाही. मधूनच प्रवेश नाही आणि मधूनच बाहेर पडायची वाटही नाही. तीन वर्षं झाली, लॉ नकोसं झालं, तर बीबीए हातात घेऊन निघता येत नाही. पाच वर्षं पुरी केली तर दोन्ही, नाहीतर हातात बारावीचा निकाल. दोन डिग्र्या एकाच दोऱ्यात ओवलेल्या आहेत, एक सुटी करून मिळत नाही. सतरा वर्षांच्या मुलीचं मन वीस वर्षांची झाल्यावर बदलू शकतं, म्हणून ही गोष्ट सगळ्यात आधी सांगितली.

आता त्या पाच वर्षांत असतं काय? लॉचे 20 सक्तीचे पेपर, 4 प्रात्यक्षिक धाटणीचे, म्हणजे ड्राफ्टिंग, व्यावसायिक नीती, लवाद-मध्यस्थी आणि मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटूचा खटला), आणि वर किमान 6 ऐच्छिक. ऑनर्स असेल तर आणखी 8. हा सगळा साचा बार कौन्सिलचा आहे. बीए एलएलबीला तोच, बीबीए एलएलबीला तोच, तीन वर्षांच्या एलएलबीलाही मुख्य पेपर तेच. उरलेल्या जागेत बीएवाल्यांना राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास येतो, तर बीबीएवाल्यांना व्यवस्थापनाची तत्त्वं, मार्केटिंग, थोडं अकाउंट्स, थोडं अर्थशास्त्र. हे पेपर बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन-तीन वर्षांत उरकतात. चौथ्या वर्षी मुलगी पूर्णपणे लॉचीच विद्यार्थिनी असते. थोडक्यात, बीबीए एलएलबी म्हणजे लॉच, बीबीए त्यात चवीपुरतं.

कंपनीत असताना मी भरतीच्या मुलाखतींना बसायचो. आम्ही कॉलेज बघायचो, इंटर्नशिप कुठे केली ते बघायचो, एखादा करार पुढ्यात टाकून 'यात आपल्या अंगाशी काय येईल' असं विचारायचो. एलएलबीच्या आधी बीए आहे की बीबीए, यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. त्याउलट सीएसचं बघा. कंपनी कायद्याच्या कलम 203 खाली सूचीबद्ध कंपनीला, आणि भरणा झालेलं भांडवल 10 कोटी किंवा जास्त असलं तर प्रायव्हेट लिमिटेडलाही, पूर्ण वेळ कंपनी सेक्रेटरी ठेवावाच लागतो. ती खुर्ची कायद्याने राखलेली आहे. बीबीए एलएलबीवाला ठेवलाच पाहिजे असं कुठलाही कायदा सांगत नाही. तुमच्या यजमानांना हे बहुधा कुणीतरी सांगितलेलं असावं, किंवा व्यापाऱ्याचं नाक असतं ते त्यांना आहे.

मग बिझनेस शिकायची गरजच नाही का? आहे, आणि खूप आहे. माझ्या ऑफिसातला एक प्रसंग सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एकाच महिन्यात दोन इंटर्न मुली होत्या. एक चांगल्या खासगी विद्यापीठाची, बीबीए एलएलबी, चौथं वर्ष. दुसरी सोलापूरकडची, बी.कॉम. झालेली, तीन वर्षांच्या लॉच्या दुसऱ्या वर्षाला. ही दुसरी कॉलेजात असताना एका टॅक्सवाल्याकडे टॅली मारायची. तेव्हा एक सूत व्यापारी चेक बाऊन्सची फाइल घेऊन आला. चेक 14 लाख 60 हजारांचा. बँकेचा मेमो येऊन नऊ दिवस झाले होते, नोटीस द्यायला मेमो मिळाल्यापासून तीस दिवस असतात. साधं काम. नोटिशीचा मसुदा पहिल्या मुलीला दिला, खातेउतारा दुसरीला दिला आणि म्हटलं, बिलं जुळवून घे.

तासाभराने मसुदा आला. इंग्रजी असं स्वच्छ, की मला फक्त एक स्वल्पविराम हलवावा लागला. एवढ्यात दुसरी उतारा घेऊन दारात उभी. 'सर, चेकवर तारीख 5 आहे. 19 ला चार लाख आरटीजीएसने आलेत. चेक भरलाय 27 ला.' पक्षकार म्हणाला, ते जुन्या बिलाचे. तिने बोट ठेवून दाखवलं, जुनं बिल आदल्या महिन्यातच शून्य झालं होतं. चार लाख याच बिलापोटी जमा होते, आणि ती नोंद पक्षकाराच्याच मुनीमाच्या हातची होती.

मला गडबड जाणवली, पण नेमका निकाल आठवेना. तो पहिलीने दहा मिनिटांत काढला. दशरथभाई त्रिकमभाई पटेल विरुद्ध हितेश महेंद्रभाई पटेल, सर्वोच्च न्यायालय, 2022. चेक दिल्यानंतर आणि तो वटवण्याआधी काही रक्कम आली असेल तर ती चेकवर नोंदवायला हवी. तसं न करता पूर्ण रकमेचा चेक भरला, तर तो परत गेला तरी कलम 138 चा, म्हणजे चेक बाऊन्सचा, गुन्हा होत नाही. आम्ही पूर्ण रकमेची नोटीस पाठवली असती, केस केली असती, आणि तीन-चार वर्षांनी समोरच्या वकिलाने तोच उतारा उलटतपासणीत पुढे केला असता. शेवटी समोरच्या पार्टीला बोलावून उरलेल्या 10 लाख 60 हजारांचा नवा चेक घेतला. तो वटला.

तर ताई, यातली कुठली मुलगी जास्त हुशार? मला ठरवता आलेलं नाही. पहिलीला उतारा दिला असता तर तिने तो फाइलला लावून ठेवला असता. तिने तीन वर्षं 'स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट' वाचलं होतं, पण खरी खतावणी कधी हातात धरली नव्हती. दुसरीला एकटीलाच बसवलं असतं तर तिला नोंद दिसली असती, पण तिचा कायद्यात अर्थ काय ते कळलं नसतं. तिच्या कॉलेजात निकाल शोधायचा सराव कुणी करून घेतलाच नव्हता. चांगलं लॉ कॉलेज लॉ शिकवतं. बिझनेस मात्र ज्याच्या त्याला कमवावा लागतो, तो फीच्या पावतीवर मिळत नाही. म्हणून पैसे मोजायचेच असतील तर लॉच्या दर्जासाठी मोजा, 'बीबीए' या तीन अक्षरांसाठी नको.

आणि तुमच्या मुलीचं तर दुकान घरातच आहे. सूत उधारीवर जातं, पेमेंट नव्वद दिवसांनी येतं, मधेच माल खराब म्हणून डेबिट नोट येते. लघुउद्योगांना 45 दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे, आणि आयकराच्या कलम 43 बी (एच) मुळे 2024 पासून उशिरा पैसे देणाऱ्याची खर्चाची वजावट पुढे ढकलली जायला लागली, तेव्हा बाजारात केवढी पळापळ झाली ते तुमच्या यजमानांना विचारा. पुण्याच्या वर्गात हे एका स्लाइडवर येतं, तुमच्याकडे ते जेवताना बोललं जातं.

आता पैशाचं. वीस लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता साधारण 26,400 रुपये बसतो. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही. दुसऱ्या बाजूला, बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलं, की ज्युनियर वकिलाला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत. ही शिफारस आहे, सक्ती नाही, आणि कोर्टाच्या आवारात कुठल्याही ज्युनियरला विचारलंत तर तो हसेल. म्हणजे एवढं कर्ज डोक्यावर घेऊन मुलीला कोर्टातली वकिली सुरू करताच येणार नाही. पहिल्या दिवसापासून तिला कॉर्पोरेट नोकरी घ्यावीच लागेल, मन असो वा नसो. कर्जाचा आकडा बघताना लोक फक्त फेडता येईल का एवढंच बघतात. पुढचा रस्ता कर्जच ठरवून टाकतं, हे उशिरा लक्षात येतं. गंमत बघा, सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, नोंदणी शुल्क 750 रुपयांच्या वर घेऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये राज्यांच्या बार कौन्सिलांना बजावलं. वकील होणं 750 रुपयांचं, वकिलीचं कॉलेज बावीस लाखांचं.

नोकरी आणि सनद यांचंही एक त्रांगडं आहे. पूर्ण वेळ पगारी नोकर असलेल्याला वकिली करता येत नाही, कंपनीत लागलात की सनद स्थगित करावी लागते. मी सहा वर्षं तसाच होतो. आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी पुन्हा तीन वर्षांच्या वकिलीची अट लावली. कंपनीतली वर्षं त्यात धरली जाणार नाहीत. मुलीच्या डोक्यात जज होण्याचं थोडं जरी असेल तर हे आत्ताच तिच्या कानावर घाला.

कोल्हापूरलाही विसरू नका. ऑगस्ट 2025 पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. आमच्या वेळी तुमच्या भागातल्या मुलाला हायकोर्टात काम करायचं म्हणजे मुंबईत खोली भाड्याने घेणं आलं. आता इचलकरंजीहून सकाळची एसटी पकडून हायकोर्ट गाठता येतं. पुढच्या दहा वर्षांत तिथे व्यापारी वाद समजणारे, मराठी कागद आणि इंग्रजी मसुदा दोन्ही हाताळणारे वकील लागतील. पुण्या-मुंबईच्या चष्म्यातून बघणाऱ्या समुपदेशकांना हे अजून दिसलेलं नाही.

पण म्हणून वडिलांचा मार्ग डोळे झाकून बरोबर, असंही नाही. बी.कॉम. अधिक लॉ म्हणजे सहा वर्षं, पाचाला एक जास्त. तेवढ्याने काही बिघडत नाही, उलट तीन वर्षांनी हातात एक सुटी डिग्री असते आणि मन बदललं तर रस्ता मोकळा. धोका वेगळाच आहे. गावातल्या कॉलेजात बी.कॉम. म्हणजे अनेकदा परीक्षेपुरतं तोंड दाखवणं. मग लॉलाही तेच. सहा वर्षं कुणी अडवत नाही, कुणी ताणतही नाही. चांगल्या पाच वर्षांच्या कॉलेजात आजूबाजूची पोरं मूटसाठी रात्र जागवतात, सीनियर इंटर्नशिपला ओढून नेतात, ती हवा विकत घेण्यासारखी असते. मुंबईच्या मोठ्या लॉ फर्म मुख्यतः राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून आणि मोजक्या खासगी ठिकाणांहून पोरं उचलतात, हेही खरंच.

सीएस लॉबरोबर करायचं असेल तर एक खाचखळगा. बार कौन्सिलचा नियम 6 लॉ चालू असताना दुसऱ्या नियमित कोर्सला, व्यावसायिक संस्थेच्या कोर्सलाही, नोंदणी करायला मनाई करतो. प्रत्यक्षात शेकडो मुलं दोन्ही करतात. तरी कॉलेजकडून लेखी घ्या. त्यापेक्षा बी.कॉम.च्या तीन वर्षांतच सीएसची एक्झिक्युटिव्ह पायरी उरकणं सगळ्यात सरळ. सीएची आर्टिकलशिप आणि लॉची 70 टक्के हजेरी एकत्र जमवतो म्हणणाऱ्यांकडे मात्र मी संशयाने बघतो.

तिसरी वाट तुम्ही विचारलीच नाहीत, आणि माझ्या मते आधी तीच आजमावायला हवी. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. दोन तास, 120 प्रश्न, चुकीला पाव गुण वजा, पेपर इंग्रजीतच, अलीकडे डिसेंबरमध्ये होतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी जागा राखीव आहेत, संभाजीनगरला बीबीए एलएलबीही आहे. दुसरी परीक्षा राज्याची लॉ सीईटी. ती मराठीतूनही देता येते, चुकीचे गुण कापत नाहीत. त्यातून मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं आयएलएस मिळालं, तर डिग्रीवर बीबीए नाही म्हणून एक मिनिटही हळहळू नका. शासकीय महाविद्यालय 1855 चं आहे, फी काही हजारांत, वर्ग सकाळी, आणि उरलेला दिवस फोर्टातल्या कुठल्याही चेंबरमध्ये बसायला मोकळा. डॉ. आंबेडकर 1935 मध्ये तिथे प्राचार्य झाले. त्याच्या बरीच वर्षं आधी ते सिडनहॅम या कॉमर्सच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते, 1922 मध्ये बॅरिस्टर झाले आणि 1923 मध्ये लंडनहून रुपयाच्या प्रश्नावर डॉक्टरेट घेतली. कायदा आणि पैसा यांची जोडी मुंबईत काही काल-परवा लागलेली नाही.

तरीही खासगी विद्यापीठच घ्यायचं ठरलं, तर चकचकीत इमारत बघायला जाऊ नका. चौथ्या वर्षाच्या दोन मुली गाठा, कॅन्टीनमध्ये चहा पाजा आणि विचारा, मागच्या सुट्टीत इंटर्नशिप कुठे केली आणि ती मिळवून कुणी दिली. पाच वर्षांत 20 आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे, त्यात एकदा तरी कोर्टात जाणाऱ्या वकिलाकडे बसणं आलं. 'कॉलेजने पत्र दिलं, बाकी आमचं आम्ही बघितलं' असं उत्तर आलं तर फी कशाची, ते कळेल. कंपनी कायदा कोण शिकवतं ते विचारा, आणि त्या माणसाने गेल्या वर्षी काढलेली प्रश्नपत्रिका मागा. 'कंपनी म्हणजे काय, वैशिष्ट्ये लिहा' असे प्रश्न असतील तर परतीची बस धरा. एखादा कागद, एखादी घटना देऊन सल्ला मागितला असेल तर थांबा. प्लेसमेंटच्या पुस्तिकेतला सर्वाधिक पगाराचा आकडा सोडून द्या, मधल्या मुलाला किती मिळाले तेवढंच विचारा, आणि किती जण प्लेसमेंटला बसलेच नाहीत तेही.

माझं मत सरळ सांगायचं तर असं. क्लॅट किंवा सीईटीतून चांगलं कॉलेज मिळालं तर पाच वर्षांचं घ्या, मग ते बीए असो की बीबीए. नाही मिळालं, तर बावीस लाखांच्या कर्जापेक्षा कोल्हापूर, सांगली किंवा पुण्यात नीट बी.कॉम., सोबत सीएस एक्झिक्युटिव्ह, आणि त्यानंतर तीन वर्षांच्या लॉसाठी गाव सोडायचं. खासगी विद्यापीठ तेव्हाच, जेव्हा कर्ज निम्म्यावर येईल किंवा मुलीने वरची चौकशी स्वतः करून तुम्हाला पटवलं असेल. स्वतः, तुम्ही नाही. पाच वर्षं तिला काढायची आहेत.

आणि परीक्षा संपल्या की सुट्टीत तिला दोन कामं द्या. वडिलांच्या पाच पार्ट्यांचे खातेउतारे समोरच्यांच्या उताऱ्यांशी जुळवायचे, फरक कुठे पडला ते शोधून फोन करायचा. आणि आठवडाभर इचलकरंजीच्या कोर्टात मागच्या बाकावर बसायचं, 138 च्या केसेस लागलेल्या असतील त्या दिवशी. दोन्हींत कंटाळली तर आपण पुन्हा बोलू. एकात रमली तर कुठल्या, ते मला कळवा.

राहता राहिला एक कागद. ऑगस्ट 2025 मध्ये बार कौन्सिलने तीन वर्षांसाठी नवीन लॉ कॉलेजं काढायला बंदी घातली, आणि आहेत त्यांनाही नवा कोर्स किंवा नवी तुकडी पूर्वपरवानगीशिवाय सुरू करता येणार नाही. विद्यापीठ जुनं असलं म्हणून त्याचा बीबीए एलएलबी मंजूर असेलच असं नाही. बँकेत कर्जाच्या अर्जावर सही करायच्या आधी मंजुरीपत्राची प्रत मागून घ्या. त्यात कोर्सचं नाव, तुकड्या आणि कुठल्या वर्षापर्यंत मान्यता आहे ते वेगळं लिहिलेलं असतं. 'ऑफिसात आहे, नंतर देतो' असं म्हणाले तर अनामतसुद्धा भरू नका.